पेटीतला चौथा नंबर

नाशिक,
दि. ५ एप्रिल २०२६

ती. स्व. भूपेंद्रदादास मयूरीचा नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा सुधारलाय. त्या आता गच्चीपर्यंत जिना चढतात आणि चढल्या की पुढचे दोन दिवस घरात त्याचीच चर्चा असते. कंपनीतला एसी बंद पडलाय, त्यामुळे सगळे एकमेकांवर खेकसतात. मायने पाठवलेली मिरची पोचली. पिशवी उघडली आणि शेजारच्या फ्लॅटमधली माणसंसुद्धा शिंकायला लागली, असं तिला सांग, खूश होईल. बापूंचं ब्लडप्रेशर तपासून घेतोस ना?

पत्र बघून तुला हसू आलं असेल. मी धुळ्याला हॉस्टेलला होते तेव्हा तू मला पत्रं लिहायचास, त्यानंतर आपल्यात पत्र हा प्रकारच उरला नाही. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य सुरू केलं की तुझी तीन होऊन गेलेली असतात. आणि व्हॉट्सअॅपवर लिहावं, तर तुझा मोबाइल घरातलं कुणीही उचलतं. म्हणून कागद घेतला. पाकिटावर फक्त तुझं नाव घातलंय, तेव्हा हे आधी तू एकट्याने वाच.

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीबद्दल लिहायचंय.

तुला आठवतं, पहिल्या उन्हाळ्यात आपली पेटी सारखी अडकायची? पाण्याची पाळी बदलायची वेळ झाली की गपकन थांबायची, आणि तू भर उन्हात विहिरीवर उभा राहून रिसेटचं बटण दाबायचास. मी इकडून फोनवर, तू तिकडे घामाघूम. शेवटी कळलं की पेटीने पाठवायच्या मेसेजमध्ये मी लांबलचक वाक्यं घातली होती, आणि पेटीतल्या चिपमध्ये प्रोग्रॅम चालताना वापरायची जागा, म्हणजे रॅम, ती केवढीशी! एकेक वाक्य तिथे जाऊन बसतं. तेव्हापासून मला सवय लागली. प्रोग्रॅम कंपाइल केला, म्हणजे चिपला कळेल अशा आकड्यांत बदलला, की खाली दोन ओळी येतात. पहिली सांगते, प्रोग्रॅमने कायमच्या जागेतली किती टक्के घेतली. दुसरी सांगते, रॅम किती टक्के गेली. त्या दोन ओळी वाचल्याशिवाय मी चिपमध्ये काहीही टाकलं नाही. तू चिडवायचास, "काय टक्केवाली, आज किती?" मी आकडे सांगायचे आणि तू "पास" म्हणायचास. कंपनीतही मी हेच काम करते, पण तिथे कुणी पास म्हणत नाही.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण त्या ओळींकडे तू कधी नीट बघितलं नव्हतंस. बघितलं असतंस तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आपली पेटी झाली तेव्हा बापूंना किती बरं वाटलं होतं. एक विहीर, एक मोटार आणि तीन घरं. आपण, गिरधरकाका आणि कौसाकाकी. दर उन्हाळ्यात कुणाची पाळी कधी संपली यावरून विहिरीवर आरडाओरडा. कौसाकाकीचे यजमान गेल्यावर ती त्या भांडणात एकटी उभी असायची, आणि भांडायला बाई एकटी असली की तिची पाळी आपोआप लहान होते. पेटी आली आणि ते थांबलं. ज्याची पाळी, त्याच्याच नंबरवरून मिस्ड कॉल दिला की मोटार चालू, आणि त्याच्याच पाइपाचा व्हॉल्व्ह उघडा. तीन नंबर, तीन पाइप. पाणी सुरू झालं की मेसेज, बंद पडलं की मेसेज. मी ते मेसेज मुद्दाम अहिराणीत लिहिले होते. काकीला वाचता येत नाही, पण मोबाइल टुंग वाजला की तिला कळायचं, पाणी सुटलं किंवा थांबलं. बापू पारावर सांगत फिरले होते, "पेटीले ना भाऊ शे ना भाऊबंद." मला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

संक्रांतीनंतर काकीचा पहिला फोन आला. "मयूरीबाई, तुन्ही पेटी मन्हावरच रुसनी का व माय?" मी हसले. ती म्हणाली, "मोटर चाली ऱ्हायनी, मी कान दिसन ऐकं. पन मन्हा पाइपमा पानीच नही. पानी येस आनि मधमाच बंद पडी जास." मेसेज आला होता का, विचारलं तर म्हणाली, सुरू झाल्याचा टुंग येतो, बंद पडल्याचा येतच नाही.

मी तुला विचारलं. तू म्हणालास, नेटवर्क नसेल. मग म्हणालास, व्हॉल्व्हमध्ये गाळ अडकला असेल. मी म्हटलं, लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम पाठव, बघते. माझा जुना लॅपटॉप मी लग्नात तुझ्यासाठीच ठेवून आले होते. कुणाचा नंबर बदलला तर तुला बदलता यावा, कंपाइल करून चिपमध्ये टाकता यावा, म्हणून तुला बसून शिकवलं होतं. तू लगेच शिकलास. चिपला वायर लावताना तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर असतो, हे मी कंपनीतल्या लोकांनासुद्धा सांगितलंय.

तू प्रोग्रॅम पाठवलास. मी तो वाचला. कामावरून आल्यावर वाचला, रविवारी वाचला, पोळ्या लाटता लाटता डोक्यात वाचला. चूक सापडेना. आणि होळीनंतर तुझा तो फोन आला.

तुझ्या फोनचा स्पीकर चालू आहे हे तू मला सांगितलं नव्हतंस. मागे गिरधरकाकांचा आवाज ऐकू आला तेव्हा कळलं, की विहिरीवर सगळे जमलेत. बापूही होते. काकी होती. आणि तू माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोललास: "मन्ही बहीननं लिखेल शे ते. तिन्हीच काहीतरी चूक शे. मी तिले रोज सांगी ऱ्हायनू." रोज. दादा, तू मला एकदाही सांगितलं नव्हतंस. मीच तुला विचारत होते.

पण मला त्या वेळी ते खटकलंसुद्धा नाही. मला वाटलं, खरंच माझंच चुकलं असेल, आणि दादा बिचारा चारचौघांत माझ्यामुळे अडकलाय. मी सगळ्यांसमोर काकीची माफी मागितली. म्हटलं, काकी, चूक माझीच आहे, मी शोधते. ती म्हणाली, "जाऊ दे माय, तू काय जानीबुजीसन करं का?" फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सासूबाईंना सांगितलं, साबण डोळ्यात गेला. तिची पपई सुकतेय आणि ती मलाच समजावतेय, याची लाज वाटत होती.

मग मी शेवटचा उपाय म्हणून तुला म्हटलं, चिपमध्ये टाकताना खाली ज्या दोन ओळी येतात त्यांचा फोटो पाठव. मला शंका होती की रॅम भरत असेल आणि पेटी पुन्हा तशीच अडकत असेल. तू काकीचा नवा मोबाइल नंबर घालायला त्या दिवशी लॅपटॉप उघडलाच होतास. लगेच फोटो पाठवलास. वर लिहिलंस, "घे टक्केवाली."

तू पाठवलेला प्रोग्रॅम मी माझ्याकडे कंपाइल केला. पहिली ओळ त्र्याण्णव टक्के, दुसरी एकाहत्तर. तुझ्या फोटोत पहिली शहाण्णव आणि दुसरी अठ्ठावन्न.

मी आधी तुझीच बाजू घेतली. म्हटलं, दादाच्या लॅपटॉपवर कंपाइल करणाऱ्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आहे, त्यामुळे फरक पडत असेल. तीच जुनी आवृत्ती शोधून घेतली, ती टाकताना माझ्या लॅपटॉपने तासभर त्रास दिला. पुन्हा त्र्याण्णव आणि एकाहत्तर. एकाच प्रोग्रॅमचे दोन आकडे येत नाहीत. म्हणजे तू मला वाचायला जो पाठवलास तो वेगळा, आणि चिपमध्ये टाकतोस तो वेगळा. इतके दिवस मी माझाच स्वच्छ प्रोग्रॅम उलटापालटा करून त्यातली चूक शोधत होते, आणि तू मला शोधू देत होतास.

आणि ते आकडे असे उलटे का, हे मला बघता क्षणी कळलं. तिथेच मी खुर्चीत मागे टेकले. प्रोग्रॅम वाढलाय, म्हणजे कुणीतरी आत नवीन काम घातलंय. रॅम कमी लागतेय, म्हणजे कुणीतरी वाक्यं काढलीत. मोटार बंद पडल्याची, पाइप बदलल्याची. मी लिहिलेली. काकीचा टुंग नेटवर्कने खाल्ला नव्हता.

तरी मी तुला काही बोलले नाही. नुसतं म्हटलं, कंपाइल झालेली फाइल पाठव, तिचं माप काढून बघते. तू तीही पाठवलीस. तुला वाटलं असेल, त्यात आकड्यांची नुसती खिचडी असते, ती कोण वाचणार. मी वाचते, दादा. मला त्याचाच पगार मिळतो.

मागच्या रविवारी दुपारी मी ती फाइल माझ्याकडच्या एका चिपमध्ये टाकली. व्हॉल्व्हच्या जागी तीन छोटे दिवे लावले, सिमच्या जागी लॅपटॉप जोडला. घड्याळ काकीच्या पाळीवर आणलं आणि पेटीला खोटंच कळवलं, काकीचा मिस्ड कॉल आलाय. काकीचा दिवा लागला. छान. मग फाइलमध्ये आपल्या तीन नंबरांच्या शेजारी जो चौथा नंबर सापडला होता, त्याचा मिस्ड कॉल आल्याचं कळवलं. काकीचा दिवा विझला, आपला लागला. मोटार चालूच. मेसेज एकही नाही. पुन्हा तोच नंबर दिला, आपला विझला आणि काकीचा लागला. काकी वावरात पोचायच्या आत सगळं जागच्या जागी. गिरधरकाकांच्या पाळीला हे चालत नाही, तेही बघितलं. फक्त तिच्याच. गिरधरकाकांना तरणीताठी मुलं आहेत.

मी ते पाच-सहा वेळा करून बघितलं. सासूबाई येऊन विचारून गेल्या, दिवाळीचं काय आत्तापासून? मी हो म्हटलं.

नंबराबद्दल पुढे लिहिते.

आधी वावराबद्दल. भूमिकावहिनीने परवा फोनवर सहज सांगितलं, की कौसाकाकी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, तिचं वावर अर्ध्या वाट्याच्या बटाईने देतेय. पपई हातची गेली, पुढच्या साली तिच्याने होणार नाही म्हणाली. कुणाला देतेय विचारलं तर वहिनी म्हणाली, "आपलेच, आखो कोनले? बांधले बांध लागेल शे." वहिनीच्या आवाजात आनंद होता, तिला काही माहीत नसावं. मला मात्र तोपर्यंत वाटत होतं, की आपली केळी उन्हाने माना टाकत असेल, म्हणून तू दोन-चार वेळा हात मारला असशील. वाईटच, पण उन्हाळ्यात माणसाची बुद्धी फिरते. आता कळलं, तुला पाणी नको होतं. तुला ती थकायला हवी होती.

आखाजीला आपल्याकडे सालाचे सौदे ठरतात आणि ठरले की वर्षभर मोडत नाहीत, हे तुला काय सांगायचं. सुपारी फुटली की काकी स्वतःच्या वावरात दुसऱ्याच्या मर्जीने जाईल. आणि ती तुला आशीर्वाद देत जाईल, कारण तिच्या लेखी पेटी बिघडली ती माझ्यामुळे, आणि संकटात धावून आलास तू.

मला राग कशाचा आलाय ते नीट सांगता येत नाही. चोरीचा आलाय. पण घरात चोर निघाला तर माणूस त्याला घरात झाकतो, मीही झाकलं असतं कदाचित, तुझ्याशी कडकडून भांडले असते आणि झाकलं असतं. खोटं कशाला बोलू. पण तू माझ्या हाताने केलंस. जी गोष्ट मी आपल्या गावासाठी आयुष्यात एकच केली, जिच्यावर तीन घरांनी विश्वास टाकला, ती तू आतून पोखरलीस. आणि वर चारचौघांत मलाच उभं केलंस. मी ज्याला शिकवलं, त्याने.

आता नंबर.

तो मला शोधावा लागला नाही. फाइलमध्ये दिसला आणि मी तो पुढून मागून म्हणू शकले असते. बँकेत, हॉस्टेलच्या फॉर्मवर, पहिल्या नोकरीच्या अर्जावर मी तोच लिहिलाय. लग्नानंतर इकडे नवीन घेतला आणि जुनं सिम मायच्या डब्यात ठेवून आले, की तिचा मोबाइल बंद पडला तर उपयोगी येईल. तू ते काढलंस. त्यात रिचार्ज मारलंस. आणि माझ्या पेटीत जो चोरदरवाजा केलास, त्याला माझंच सिम किल्ली म्हणून लावलंस.

दोन दिवस मी स्वतःला समजावलं, की दादाच्या हाताशी तेच होतं, त्याने विचार केला नसेल. मग वाटलं, तू विचार न करता कधी वायरसुद्धा जोडत नाहीस. उद्या कुणी ती चिप उघडली असती, तर आत प्रोग्रॅम माझा, लॅपटॉप माझा, नंबर माझा. तुझं त्यात काहीच नाही. तू विहिरीवर उभा राहून म्हणाला असतास, "तिन्हीच शे." आणि मी त्याआधीच सगळ्यांसमोर माफी मागून बसलेले. एवढं ठरवून तू माझ्याशी वागशील, असं मला तुझ्या शत्रूने सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडात मारली असती.

तुझा निरोप मिळाला, की आखाजीला मला घ्यायला गाडी घेऊन येतोस. येऊ नकोस. मी बसने येईन, शहाद्याला उतरेन आणि तिथून रिक्षाने. लेकी आखाजीला माहेरी जातात तशीच येईन, साडी नेसून, पण आपल्या दारात येणार नाही. कौसाकाकीकडे उतरेन. तिला मुलगी नाही. मी तिला फोनवर विचारलं, येऊ का? ती म्हणाली, "ये ना व माय, पन तुन्हा घरना काय म्हनतीन?" मी कारण सांगितलं नाही. तेवढं तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

सौदे बसायच्या आधी मी विहिरीवर जाईन. लॅपटॉप माझ्याकडे असेल. सगळ्यांसमोर पेटी उघडेन, आत आहे ते त्यांना तीन दिव्यांवर चालवून दाखवीन, मग माझा मूळ प्रोग्रॅम परत टाकेन, मोठ्याने दोन्ही ओळी वाचून. त्याच्या आत तू स्वतः काकीच्या घरी जाऊन बोललास, आणि गिरधरकाकांना आणि बापूंना सांगितलंस, तर मी दिवे पिशवीतून काढणारसुद्धा नाही. प्रोग्रॅम बदलेन आणि काकीच्या हातची पुरणपोळी खाऊन परत जाईन. तेवढी संधी मी तुला देते. माफी म्हणून नव्हे, बापूंना हे तुझ्या तोंडून कळावं म्हणून.

नाही बोललास, तर मी नंबर वाचून दाखवीन. कुणीतरी विचारेलच, हा कुणाचा? मी सांगेन, माझा. तेव्हा तू तिथे उभा असशील, आणि त्यानंतर मी एक अक्षर बोलणार नाही. पुढचं तू सांगायचंस किंवा मला सगळ्यांच्या डोळ्यांत चोर होऊ द्यायचंस, हे तुझ्यावर आहे. मला खरंच बघायचंय, तू काय करतोस.

बापूंना आणि मायला नमस्कार. वहिनीला म्हणावं, माझं अंथरूण घालू नकोस. खाली माहेरचं नाव लिहितेय. सासरी ते आता कुणी घेत नाही, पण सिम अजून त्याच नावावर आहे.

मयूरी रूपचंद पटेल